भोवरा तिथे जाळी बारीक

पुलाच्या खांबामागचं पाणी निरखून पाहिलंय? मोठ्या भोवऱ्यातून लहान, लहानातून आणखी लहान भोवरे सुटत राहतात. हा खळबळता प्रवाह कॉम्प्युटरवर हुबेहूब उभा करायचा, तर पाण्यावर बिंदूंची एक जाळी कल्पून तिच्या प्रत्येक बिंदूपाशी वेग काढावा लागतो. प्रवाह किती खळबळता आहे याचा अंदाज देणारा रेनॉल्ड्स अंक दसपट वाढला की लागणारे बिंदू साधारण १७८ पट होतात!

इथे वेव्हलेट कामाला येतं. वेव्हलेट म्हणजे एका जागी उठून तिथेच विरणारी छोटी लाट. कुठे, किती लहान आकाराची हालचाल आहे, हे तिचा गुणांक सांगतो. गुणांक नगण्य असेल तिथले बिंदू गाळायचे, मोठा असेल तिथे जाळी बारीक करायची. शेजारचे थोडे बिंदूही राखायचे, कारण पुढच्या क्षणी भोवरा तिकडे सरकणार. त्यामुळे जाळी प्रवाहासोबत बदलत जाते.

फ्रान्समध्ये मारी फार्ज, काय श्नायडर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्रिमितीय प्रवाहात किती थोडे गुणांक पुरतात हे तपासलं : सुमारे ३ टक्के गुणांकांत जवळपास ९९ टक्के ऊर्जा सापडली! वरवर गोंधळ वाटणाऱ्या पाण्यात इतकी शिस्त दडलेली आहे, हे मला फार सुंदर वाटतं. पुढच्या पावसाळ्यात पुलावर क्षणभर थांबा आणि ते भोवरे नक्की पाहा.