चिपळोणकरिना : एका जीवाश्माच्या ओळखीचा मागोवा

नगर जिल्ह्यात माती-मुरूम संपला की लागतो तो काळा पाषाण. अकोले तालुक्यातलं १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई त्याचंच आणि निघोजला कुकडीच्या पात्रात कोरले गेलेले रांजणखळगेही त्याचेच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यांच्याखाली जे काही होतं ते झाकलं गेलं. त्यामुळे नगरच्या माणसाला आपल्या जमिनीत समुद्री जीवाश्म सापडत नाहीत. लाव्ह्याखाली काय आहे हे दक्षिणेकडे भोकं पाडून पाहिलं गेलं आहे. किल्लारीला सुमारे ३३८ मीटरवर आणि कोयनेला ९३० मीटरच्या आसपास बेसाल्ट संपतो, आणि त्यानंतर लवकरच ग्रॅनाइटच्या जातीचा अतिप्राचीन खडक लागतो. समुद्राच्या चुनखडकाचा तिथे मागमूस नाही.

हा चुनखडक पाहायचा तर उत्तरेला नर्मदेच्या खोऱ्यात उतरावं लागतं. दख्खनच्या पाषाणाची उत्तरेकडची कड तिथे झिजून उघडी पडली आहे आणि खालचे थर डोकावतात. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात लेण्यांसाठी प्रसिद्ध असलेलं बाघ हे गाव आहे. त्याच्या आसपास जुन्या समुद्राचे थर आहेत आणि त्यांना बाघचे थर असंच म्हणतात. त्यात एक लालसर-पिवळट चुनखडक आहे. तो बारीक फांद्यांच्या तुकड्यांनी इतका खच्चून भरलेला आहे की काही ठिकाणी या तुकड्यांनीच खडक तयार झाला असं म्हणावं लागतं. या फांद्या ज्या जीवाच्या, त्याला आपलं खरं नाव मिळायला १९९५ साल उजाडलं. त्या नावात एक मराठी आडनाव कायमचं गुंफलं गेलं.

सुरुवात लष्करी अधिकाऱ्यांपासून होते. निमाडात राजकीय अधिकारी म्हणून काम करणाऱ्या लेफ्टनंट कीटिंगनं १८५० च्या दशकात बाघच्या परिसरातून शंख-शिंपल्यांचे जीवाश्म गोळा केले. ते मुंबईला एच. जे. कार्टर यांच्याकडे पोहोचले. (याच कीटिंगला पुढे १८५८ सालच्या चंदेरीच्या लढाईतल्या कामगिरीसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.) कार्टर पेशानं शल्यचिकित्सक, पण मुंबईच्या तळ्यांतल्या स्पंजांपासून पश्चिम भारताच्या भूशास्त्रापर्यंत सगळीकडे त्यांची नजर फिरत असे. बाघचे जीवाश्म क्रेटेशस काळाच्या सुरुवातीचे आहेत असा निर्वाळा त्यांनी १८५७ मध्ये दिला. तो पुढे टिकला नाही. मात्र मुंबईच्या गोड्या पाण्यात त्यांना सापडलेल्या एका ब्रायोझोआला (ब्रायोझोआ म्हणजे वसाहत करून राहणारे इवले जीव, बाघच्या फांद्याही त्यांच्याच) नंतर त्यांचंच नाव मिळालं, लोफोपोडेला कार्टराय. बाघचे समुद्री खडक आणि मुंबईच्या तळ्यातला ब्रायोझोआ एकाच माणसाच्या टेबलावर येऊन गेले होते, ही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे.

१८६९ मध्ये डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी तापी आणि नर्मदेच्या खालच्या खोऱ्यांचं भूशास्त्र लिहिलं. फांद्यांनी भरलेल्या थराला त्यात ‘कोरलाइन लाइमस्टोन’, म्हणजे प्रवाळी चुनखडक, असं नाव मिळालं, आणि ते आजही वापरात आहे. खरं तर त्या थरात प्रवाळ जवळजवळ नाहीत, आहेत ते ब्रायोझोआ. १८८४ मध्ये प्रमथनाथ बोस यांनी नर्मदेच्या खालच्या खोऱ्याचं काम पुढे नेलं. सागरी अर्चिनं झाली, अमोनाइट झाले, थरांच्या वयावर वाद झाले. खडकात सगळ्यांत जास्त संख्येनं असलेल्या ब्रायोझोआकडे मात्र बराच काळ कुणी नीट पाहिलं नाही.

त्याचं कारण समजण्यासारखं आहे. ब्रायोझोआ हा एकटा राहणारा प्राणी नाही, ती वसाहत असते. वसाहतीतला एकेक जीव सहसा एक मिलिमीटरपेक्षाही लहान. प्रत्येकाला चुन्याची स्वतंत्र खोली असते आणि खोलीच्या तोंडातून बाहेर येणारं स्पर्शकांचं वर्तुळ असतं. त्या वर्तुळाच्या मध्यभागी तोंड, तिथून खाली जाऊन पुन्हा वर वळलेलं अन्नमार्गाचं यू-आकाराचं वळण, आणि गुदद्वार वर्तुळाच्या बाहेर. प्राणी मेला की मऊ भाग नाहीसा होतो आणि दगडात उरतात ते फक्त भिंतींचे साचे. जाती ओळखायची ती या साच्यांवरूनच. त्यासाठी खडकाचा तुकडा घासून घासून ०.०३ मिलिमीटर जाडीचा करावा लागतो, म्हणजे प्रकाश आरपार जातो.

हे काम जी. डब्ल्यू. चिपळोणकर यांनी हाती घेतलं. १९३० च्या दशकात ते बनारस हिंदू विश्वविद्यालयात होते आणि सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये बंगळूरला स्थापन केलेल्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या कार्यवृत्तात बाघच्या जीवाश्मांवर त्यांचे लेख एकामागोमाग एक येत होते. अर्चिनं, दोन शकलांचे शिंपले, ब्रॅकिओपॉड झाले आणि १९३९ मध्ये ब्रायोझोआ आले. त्यातल्या एका फांदीदार जातीला त्यांनी नाव दिलं सेरिओपोरा डायमॉर्फोपोरा. दुसऱ्या शब्दाचा अर्थ दोन प्रकारच्या छिद्रांची. फांदीचा पृष्ठभाग भिंगाखाली धरला की मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी दिसते, पण घरं एका मापाची नसतात. मोठी छिद्रं असतात आणि त्यांच्या मधूनमधून लहान छिद्रं. मोठ्या छिद्रांत अन्न मिळवणारे जीव राहत. लहान पोकळ्या त्यांच्यातली जागा भरत आणि वसाहतीला आधार देत. फांदी उभी कापून पाहिली की आतून निघालेल्या लांब नळ्या हळूहळू बाहेर वळत पृष्ठभागाला भिडलेल्या दिसतात. आत भिंती पातळ, बाहेर जाड.

नळ्या, गोल तोंडं, फांद्यांची ठेवण ही सगळी ब्रायोझोआंतल्या सायक्लोस्टोम गटाची चिन्हं होती. सेरिओपोरा हा त्याच गटातला, १८२६ पासून ओळखीचा वंश. चिपळोणकरांनी आपली जाती त्यात घातली. हाताशी असलेल्या साधनांनी आणि त्या काळच्या ज्ञानानं हाच निर्णय योग्य होता. ज्यांनी नमुने पाहिले त्यांनीही तोच मानला.

स्वातंत्र्यानंतर या संशोधनाचं केंद्र पुण्याला आलं. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी १९४६ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत चिपळोणकरांभोवती जीवाश्म अभ्यासकांचा गट तयार झाला. त्यात आर. एम. बडवे आणि एम. ए. घारे होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस चिपळोणकर आणि बडवे यांनी बाघच्या थरांत प्राण्यांनी मागे ठेवलेल्या वाटा आणि बिळांचे ठसे अभ्यासायला सुरुवात केली. १९७७ मध्ये तिघांनी मिळून बाघच्या जीवसृष्टीचा, वयाचा आणि नात्यांचा एक सविस्तर आढावा विज्ञानवर्धिनीच्या ‘बायोविज्ञानम’ नियतकालिकात लिहिला. शंभर वर्षांच्या विखुरलेल्या कामाची नीट मांडामांड तिथे होती. हे काम मराठी वाचकांपर्यंत फारसं पोहोचलं नाही, याची खंत वाटते. पुण्यातल्या संस्थेत बसून माणसं नऊ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा तळ जोडत होती आणि शेजारच्या जिल्ह्यांत त्याचा पत्ता नव्हता.

१९९२ मध्ये संस्थेचं नाव आघारकर संशोधन संस्था झालं. त्यानंतर तीनच वर्षांत, १९९५ मध्ये, लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधले ब्रायोझोआतज्ज्ञ पॉल टेलर आणि बडवे यांचा लेख ‘पॅलिऑन्टॉलॉजी’ या नियतकालिकात आला. भारत आणि युरोपच्या क्रेटेशस खडकांतला एक नवा कायलोस्टोम ब्रायोझोआ, दिसायला हुबेहूब सायक्लोस्टोम, असा त्याचा विषय.

या दोन गटांतला फरक वरवरचा नाही. सायक्लोस्टोमच्या खोल्या नळीसारख्या असतात, तोंड गोल असतं आणि त्यावर सहसा झाकण नसतं. स्पर्शक बाहेर येतात ते नळीतल्या पातळ पडद्याच्या पिशवीतलं द्रव दाबून. कायलोस्टोमची खोली बहुधा पेटीसारखी, तिच्या वरच्या बाजूला लवचीक पडदा. स्नायूंनी तो आत ओढला की द्रवाचा दाब वाढतो आणि स्पर्शक बाहेर येतात. तोंडाला बिजागरीचं झाकण, म्हणजे ऑपर्क्युलम, असतं. भिंतींतली सूक्ष्म भोकं, शेजारच्या खोल्यांना जोडणाऱ्या वाटा आणि पिल्लं वाढवण्याच्या जागा या गोष्टीही दोन्ही गटांत वेगळ्या. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे बारकावे तपासता येतात. टेलर आणि बडवे यांनी निष्कर्ष काढला की ही जाती कायलोस्टोमच आहे. तिनं खोल्या ताणून लांब नळ्या केल्या आहेत आणि बाहेरून ती सायक्लोस्टोमसारखी दिसते इतकंच. म्हणजे दोन वेगळ्या घराण्यांत एकसारखी घडण स्वतंत्रपणे तयार झाली.

जुन्या वंशात तिला ठेवता येणार नव्हतं. नवा वंश निर्माण झाला आणि त्याला नाव मिळालं चिपळोणकरिना. नामकरणाच्या नियमानुसार जातीचं नाव बदललं नाही, म्हणून पूर्ण नाव झालं चिपळोणकरिना डायमॉर्फोपोरा. त्यापुढे चिपळोणकरांचं आडनाव आणि १९३९ हे साल कंसात लिहितात. मूळ वर्णन त्यांचं, पण वंश आता वेगळा, असा त्या कंसाचा अर्थ. ज्यानं दिलेली जागा छप्पन्न वर्षांनी बदलली, त्याच्याच नावानं नवी जागा ओळखली जाते. संशोधकाच्या नमुन्याबद्दलची आणि वर्णनाबद्दलची ही खरी आदराची रीत आहे.

या दुरुस्तीचं महत्त्व एका लेबलापुरतं नाही. कायलोस्टोम पहिल्यांदा दिसतात ते ज्युरासिकच्या उत्तरार्धात, आणि कोट्यवधी वर्षं त्यांच्या जाती मोजक्याच राहतात. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी त्या झपाट्यानं वाढायला लागतात. आज समुद्रातले बहुसंख्य ब्रायोझोआ त्याच गटातले आहेत. बाघचे थर आता ट्युरोनियन-कोनियाशियन, म्हणजे साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वीचे मानले जातात. म्हणजे ही जाती त्या वाढीच्या ऐन काळातली. नवा गट तेव्हा नाना घडणी आजमावत होता आणि त्यातली एक घडण नर्मदेच्या खाडीत इतकी यशस्वी झाली की तिच्या तुकड्यांचा खडक झाला. तिला सायक्लोस्टोम समजत राहिलो असतो, तर भारतातल्या त्या समुद्राची ही बाजू नोंदीत आलीच नसती.

बाघचं नाव अलीकडे डायनासोरांमुळे गाजतं. २०११ मध्ये तिथे डायनासोर जीवाश्म राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०२३ मध्ये धार परिसरातली ९२ घरटी आणि २५६ अंडी प्रसिद्ध झाली. ती अंडी लमेटा थरातली, बाघच्या समुद्रानंतरची. ब्रायोझोआचा चुनखडक त्यांच्या तुलनेत मागे पडतो, पण अभ्यास थांबलेला नाही. नगरच्या सीमेवर गोदावरी ओलांडली की लागणाऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय विज्ञान संस्थेत मोहन सोनार यांनी कच्छच्या तृतीयक खडकांतल्या ब्रायोझोआवर, त्यांत बहुतांश कायलोस्टोमच, सातत्यानं काम केलं आहे. दक्षिणेकडच्या अरियलूरच्या क्रेटेशस ब्रायोझोआचा ग्रंथ ए. के. गुहा आणि डी. सेंथिल नाथन यांनी १९९६ मध्ये पूर्ण केला. बाघ, अरियलूर आणि कच्छ या तिन्ही ठिकाणांच्या जाती शेजारी ठेवून पाहिल्या की चिपळोणकरिनाचे जवळचे नातेवाईक भारतात आणखी कुठे वाढले हे शोधता येईल.