निवृत्तिवेतनात सकस आहार

निवृत्त माणसाचे उत्पन्न ठरलेले असते. बाजारातील भाव मात्र कोणाच्या उत्पन्नाकडे पाहून ठरत नाहीत. नोकरीत असताना महागाईशी सामना करण्यासाठी जादा काम, शिकवणी किंवा जोडधंदा असे काही मार्ग असतात. वार्धक्यात हे मार्ग बंद होतात आणि सारा ताण स्वयंपाकघरावर येऊन पडतो. २०११ च्या जनगणनेनुसार साठ वर्षे व त्यावरील वयाच्या नागरिकांची संख्या देशात १० कोटी ३८ लाखांच्या आसपास होती आणि महाराष्ट्राच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण जवळजवळ दहा टक्के होते. म्हणूनच वृद्धांचा आहार हा केवळ घरगुती प्रश्न राहत नाही, तो सार्वजनिक आरोग्याचाही प्रश्न ठरतो. महागाईत खर्च कमी करावा लागणार हे उघड आहे. तो कोठे कमी करावा आणि कोठे मुळीच करू नये, हे समजून घेणे मात्र अगत्याचे आहे.

निवृत्तिवेतन आणि बाजारभाव

सर्व निवृत्तिवेतनधारकांची स्थिती सारखी नसते. शासकीय सेवेतून निवृत्त झालेल्यांना महागाई वाढ मिळते. तिचा आधार असलेला औद्योगिक कामगारांचा अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांक कामगार ब्युरोकडून तयार होतो. २०१६ हे पायाभूत वर्ष मानणाऱ्या मालिकेत खाद्यपेयांच्या गटाला सुमारे ३९ टक्के भार आहे. ज्या वृद्ध दांपत्याच्या खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग अन्नावर जातो, त्याला अन्नधान्याची भाववाढ या निर्देशांकात दिसते त्याहून अधिक जाणवते.

कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ खाली किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ मध्ये दरमहा १,००० रुपये ठरविण्यात आले. त्यावर महागाई वाढ मिळत नाही. महाराष्ट्रातील ६५ वर्षांवरील निराधारांसाठी असलेल्या श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचे साहाय्य २०२३ साली दरमहा १,००० वरून १,५०० रुपये करण्यात आले.

भावांचा चढउतारही ध्यानात घेतला पाहिजे. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशातील अन्नपदार्थांच्या किरकोळ किमती आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा १०.८७ टक्क्यांनी अधिक होत्या. भाज्यांची वाढ ४२ टक्क्यांवर गेली होती. २०२५ च्या उत्तरार्धात हेच भाव खाली आले. असे चढउतार पुढेही होत राहणार. म्हणून वृद्धांच्या आहाराची आखणी एखाद्या महिन्याच्या भावावर अवलंबून ठेवून चालणार नाही.

काटछाट कोठे होते?

भाव वाढले की बहुतेक घरांत प्रथम दूध कमी होते. मग वरण पातळ होते, भाजी एका वेळेपुरती उरते आणि भाकरी किंवा भात वाढतो. पोट भरते, त्यामुळे आपण उपाशी आहोत असे कोणाला वाटत नाही. शरीराची झीज मात्र भरून निघत नाही.

थोडा हिशेब करून पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. दिवसभरात २०० ग्रॅम ज्वारी, ६० ग्रॅम डाळ, ३०० मिलिलिटर दूध, मूठभर म्हणजे २० ग्रॅम शेंगदाणे आणि पुरेशी भाजी व फळे घेतल्यास अनुक्रमे सुमारे २०, १३, साडेनऊ, ५ आणि ४ ग्रॅम प्रथिने मिळतात. बेरीज पन्नासच्या थोडी पुढे जाते. यात मांस नाही, अंडे नाही, महाग असे काहीच नाही.

आता महागाईतले ताट पाहू. ज्वारी वाढून २५० ग्रॅम झाली, डाळ २० ग्रॅमवर आली, दूध चहापुरते ५० मिलिलिटर उरले, शेंगदाणे बंद झाले आणि भाजी निम्मी झाली. या ताटातून जेमतेम ३३ ग्रॅम प्रथिने मिळतात. पोट तेवढेच भरले, पण प्रथिनांचा तिसरा हिस्सा नाहीसा झाला. वाढत्या वयात स्नायू आधीच क्षीण होत असतात. त्यात ही तूट पडली की चालताना तोल जाणे, पडणे, जखम लवकर न भरणे आणि आजारातून उठण्यास विलंब लागणे हे सारे ओघाने येते. दूध व डाळीत वाचविलेला पैसा मग औषधपाण्यात जातो.

भाव पाहण्याचे माप

आपण भाव किलोवर पाहतो. आहाराच्या दृष्टीने तो प्रथिनांवर पाहणे अधिक उपयुक्त ठरते. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. तेवढीच प्रथिने सुमारे १९० मिलिलिटर दुधातून, २७ ग्रॅम तूरडाळीतून, २९ ग्रॅम हरभराडाळीतून, २४ ग्रॅम शेंगदाण्यांतून किंवा १४ ग्रॅम सोयाबीनमधून मिळतात. भाव दर आठवड्याला बदलतील. ही मापे बदलणार नाहीत. आपल्या गावच्या बाजारातील त्या दिवसाचे भाव या मापांशी ताडून पाहिले, की त्या आठवड्यात कोणता पदार्थ परवडेल हे कोणालाही ठरविता येईल.

२०१५ साली तूरडाळ काही शहरांत किलोला २०० रुपयांपर्यंत गेली होती. अशा वेळी तुरीचाच आग्रह न धरता हरभरा, मसूर, मटकी, कुळीथ किंवा चवळी यांपैकी जे स्वस्त असेल ते घ्यावे. धान्य आणि कडधान्य एकाच जेवणात असल्यास एकाच्या प्रथिनांतील उणीव दुसऱ्याने भरून निघते. भाकरी व पिठले, खिचडी, थालीपीठ हे आपले जुने पदार्थ याच कारणाने सकस आहेत. सोयाबीन मात्र कच्चे दळू नये. ते उकळून वाळवावे किंवा चांगले भाजावे आणि नंतर दहा भाग धान्यात एक भाग या प्रमाणात दळावे.

दुधाचे आणखी एक मोल चुन्यात, म्हणजे कॅल्शियममध्ये आहे. ३०० मिलिलिटर दुधात जेवढे कॅल्शियम असते, जवळजवळ तेवढे १०० ग्रॅम नाचणीत असते. दूध महागले तर ते पूर्णपणे बंद न करता निम्मे ठेवावे आणि जोडीला नाचणीची आंबील किंवा भाकरी घ्यावी. शाकाहारी वृद्धांना ब-१२ हे जीवनसत्त्व दूध, दही व ताक यांतूनच मिळत असल्याने हे पदार्थ आहारातून समूळ जाता कामा नयेत.

पैसा कोठून काढावा?

डाळ व दुधासाठी लागणारा पैसा अन्य ठिकाणी वाचविणे शक्य आहे. पहिले ठिकाण तेल. वृद्ध व्यक्तीला रोज सुमारे २० ग्रॅम तेल पुरते. म्हणजे दोघांना महिन्याला सव्वा किलो. खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आपला देश आयातीने भागवितो, त्यामुळे परदेशातील भाववाढ थेट आपल्या कढईपर्यंत येते. दुसरे ठिकाण साखर. दिवसात चार वेळा, दोन-दोन चमचे साखर घातलेला चहा घेतला तर एका माणसामागे महिन्याला सुमारे सव्वा किलो साखर लागते. चहा दोन वेळा व एक चमचा साखरेचा केला, की बचत होते आणि मधुमेहाच्या दृष्टीनेही हित होते. तिसरे ठिकाण बिस्किटे, खारी, फरसाण व पाकीटबंद खाऊ. त्यांच्या किमतीत मैदा, तेल व मीठ यांखेरीज फारसे काही पदरी पडत नाही.

भाजी हंगामाप्रमाणे घ्यावी. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचा भाव किलोला शंभर रुपयांवर गेला, तेव्हा आमटीला चिंच वा आमसूल लावणाऱ्यांचे काही अडले नाही. तांदुळजा, माठ, चाकवत, अंबाडी व शेवग्याचा पाला या भाज्या पोषणात कोणत्याही महाग भाजीच्या मागे नाहीत. फळ म्हणजे सफरचंदच, हा समजही सोडला पाहिजे. पेरूत क जीवनसत्त्व संत्र्याच्या कित्येक पट असते. सफरचंदात ते नाममात्र असते. भाजी चिरण्यापूर्वी धुवावी, शिजविलेले पाणी टाकू नये, पालेभाजी वा उसळीवर लिंबू पिळावे आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये. यासाठी एक पैसाही लागत नाही, पण अन्नातील लोह व जीवनसत्त्वे अधिक प्रमाणात अंगी लागतात.

दात, भूक आणि एकटेपण

आहार ठरविला तरी तो खाता आला पाहिजे. दात नसलेल्या माणसाला भाकरी व उसळ चावत नाही. मग तो चहात बुडविलेल्या पावावर दिवस काढतो. पिठले, मुगाची मऊ खिचडी, मेतकूट-भात, धिरडी, कुळथाचे कढण व ताकाची कढी हे पदार्थ मऊ, स्वस्त आणि प्रथिनयुक्त आहेत. म्हातारपणी तहानेची जाणीव मंदावते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता ठरावीक वेळी पाणी प्यावे. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवावे. लोणचे व पापड यांचीही गणना त्यातच होते. मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असलेल्यांनी डाळी, फळे व दूध यांचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे.

सर्वांत अधिक आबाळ होते ती एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रीची. जन्मभर दुसऱ्यांना वाढून उरलेले खाण्याची तिला सवय असते. पती गेल्यावर ‘एकटीसाठी काय शिजवायचे’ असे म्हणून ती चटणी-भाकरीवर भागविते. शेजारच्या दोघी-तिघींनी पाळीपाळीने एकत्र स्वयंपाक केला तर इंधन वाचते, ताटात दोन पदार्थ अधिक येतात आणि चार घास अधिक जातात.

गावाने करावयाचे काम

या प्रश्नाचा काही भाग वृद्धांच्या हातात नसतो. तेथे ग्रामपंचायत, शिक्षक व कर्मचारी यांनी पुढे आले पाहिजे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो व अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य देय आहे. जानेवारी २०२३ पासून ते मोफत करण्यात आले आणि जानेवारी २०२४ पासून पुढील पाच वर्षांसाठी ही सवलत वाढविण्यात आली. उपजीविकेचे निश्चित साधन नसलेल्या विधवा व साठ वर्षांवरील व्यक्ती ज्या कुटुंबांच्या प्रमुख आहेत, अशी कुटुंबे अंत्योदय योजनेच्या निकषांत बसतात. आपल्या गावातील अशी कोणती घरे यादीबाहेर आहेत, याची विचारणा ग्रामसभेत झाली पाहिजे. धान्यावरील खर्च वाचला तरच डाळ-दुधासाठी पैसा उरतो.

कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, म्हणून म्हातारी माणसे रेशन दुकानातून रिकाम्या पिशवीने परत जातात. अशा व्यक्तींची यादी करून त्यांच्यासाठी पर्यायी ओळख वा प्रतिनिधी यांची सोय तहसील कार्यालयामार्फत करून घ्यावी. निवृत्तिवेतनासाठी द्यावयाचा हयातीचा दाखला २०१४ पासून डिजिटल स्वरूपात देता येतो आणि नोव्हेंबर २०२१ पासून त्यासाठी चेहऱ्याच्या ओळखीची सोयही झाली आहे. शिक्षकांनी व सुशिक्षित तरुणांनी नोव्हेंबर महिन्यात या कामी मदत केली तर एखाद्याचे निवृत्तिवेतन खंडित होणे टळेल. निवृत्तिवेतन एक महिना थांबले, की दुधाचा रतीब त्याच महिन्यात बंद होतो.

आरोग्य उपकेंद्रात वृद्धांचे वजन दर महिन्याला नोंदवावे. सहा महिन्यांत कोणतेही कारण नसताना वजन पाच टक्क्यांनी, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे तीन किलोने घटले, तर तपासणी व आहाराची चौकशी दोन्ही करावीत. ग्रामपंचायतीने दारोदारी शेवग्याचे एकेक रोप लावविले, तरी बारमाही पालेभाजीची सोय होईल.

निवृत्तिवेतन किती असावे हे धोरणाचे काम आहे आणि त्याविषयी मागणी होत राहील. तोपर्यंत ज्यांनी शेते पिकविली, शाळा चालविल्या व कचेऱ्या सांभाळल्या, त्यांच्या ताटातील वरण पातळ होऊ नये, एवढी दक्षता प्रत्येक गावाला घेता येण्यासारखी आहे.