गूढपुरुष आणि घरचा संगणक

म्हैसूरच्या ज्या प्राच्य ग्रंथालयाची स्थापना १८९१ साली दहावे चामराज वोडेयर यांच्या कारकीर्दीत झाली, त्याच्या ताडपत्रांच्या संग्रहात तंजावर प्रांतातील एका पंडिताने आणून दिलेली, ग्रंथ लिपीत लिहिलेली एक पोथी होती. ग्रंथपाल शामशास्त्री यांनी ती वाचून १९०५ पासून तिचा परिचय विद्वानांस करून दिला, १९०९ साली मूळ संस्कृत पाठ छापला, १९१५ साली इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, आणि ज्याचे केवळ नाव व काही उतारेच तोवर ऐकिवात होते ते कौटिल्याचे अर्थशास्त्र अशा रीतीने जगासमोर आले. राज्यशास्त्राचे अभ्यासक त्यातील सप्तांगांवर आणि मंडलसिद्धांतावर आजही ग्रंथ लिहीत असतात. परंतु ज्याच्या घरी संगणक आहे अशा सामान्य गृहस्थाने त्याच्या पहिल्या अधिकरणातील गूढपुरुषांची दोन प्रकरणे तरी अवश्य चाळावीत, असे मला वाटते.

कौटिल्याचे हेर उजळ माथ्याने दारातून आत येतात. कापटिक हा विद्यार्थी म्हणून येतो, उदास्थित हा परिव्राजक म्हणून, गृहपतिक शेतकरी म्हणून, वैदेहक व्यापारी म्हणून, आणि तापस हा शिष्यपरिवार घेऊन नगराबाहेर तपाला बसतो. राजवाड्यात शिरायचे तर आचारी, न्हाऊ घालणारा, बिछाना घालणारा, पाणक्या अशा वेषांची तजवीज ग्रंथकाराने करून ठेवली आहे. यांतील प्रत्येकजण काही ना काही सेवा खरोखरच करतो, आणि त्या सेवेच्या आडून पाहिलेले-ऐकलेले सर्व वृत्त सांकेतिक लिपीत धन्याकडे रवाना करतो.

आपल्या संगणकात शिरणारे स्पायवेअर नेमके याच जातीचे असते. ते कधी हवामान दाखवते, कधी पीडीएफची वर्ड फाइल करून देते, कधी खरेदीत सवलतीची कुपने सुचवते. आणि ते काम चालू असतानाच आपण कोणती पाने पाहिली, कोणते शब्द शोधले, क्वचित प्रसंगी कळफलकावर कोणत्या कळा दाबल्या, याचे टिपण तयार करून इंटरनेटवरून दूरच्या एखाद्या सर्व्हरकडे पाठवीत राहते. कळांची नोंद ठेवणाऱ्या प्रकारास कीलॉगर म्हणतात, आणि बँकेचा पासवर्ड टंकित करणाऱ्या माणसाला याच्याइतका घातक पाहुणा दुसरा नाही.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे, कारण सगळा गोंधळ त्याच्या अभावी होतो. १९९० च्या दशकातील संगणकविषाणू हा प्रायः विध्वंसक होता. मायकेलअँजेलो नावाचा विषाणू ६ मार्च या तारखेची वाट पाहत दडून राही आणि त्या दिवशी संगणक चालू करताच डिस्कवरील मजकुराचा नाश करी. त्याच काळात, सातारा जिल्ह्यातून पुण्यास आलेले आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणकदुरुस्तीकडे वळलेले कैलास काटकर व त्यांचे बंधू संजय काटकर यांनी गिऱ्हाइकांच्या यंत्रांतील असे विषाणू काढण्यासाठी जे प्रोग्राम लिहिले, त्यांतूनच पुढे ‘क्विक हील’ उभे राहिले. त्या विषाणूंनी घातलेला धुमाकूळ डोळ्यांना दिसत असे. हेराचा स्वार्थ याच्या उलट असतो: ज्या घरात राहून बातमी काढायची ते घर सुखरूप चालावे, यजमानास संशय येऊ नये, यातच त्याचे हित. सबब संगणक मंद झाला म्हणजे त्यात हेर आहे असे ठरत नाही, आणि तो वाऱ्यासारखा चालतो म्हणून तो निर्धोक आहे असेही ठरत नाही. वेग आणि सुरक्षितता हे दोन स्वतंत्र प्रश्न असून बाजारात मात्र ते एकाच पुडीत बांधून विकले जातात.

कुवेंपुनगरात राहणाऱ्या एका सेवानिवृत्त मराठी प्राध्यापकांचा संगणक मध्यंतरी पाहण्याचा योग आला. दुकानदाराने त्यांना ‘व्हायरस आलाय सर, फॉरमॅट मारावा लागेल’ असा निकाल देऊन ठेवला होता, आणि तीस वर्षांची टिपणे जाणार या काळजीने सर हवालदिल झाले होते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला, तेव्हा काही न करताही डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर खिळलेला दिसला. ‘स्टार्टअप’च्या यादीत पाहिले, तर यंत्र चालू होताच आपणहून जागे होणाऱ्या प्रोग्रामांची लांबलचक रांग, आणि त्यांतील निम्म्यांची नावे सरांनी जन्मात ऐकलेली नव्हती. ब्राउझरमध्ये कुपने देणारी दोन एक्स्टेन्शने होती, शोधाचे पान भलत्याच नावाचे झाले होते, आणि खालच्या कोपऱ्यातून ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस आढळले आहेत’ अशी लाल पाटी वरचेवर वर येत होती.

‘सर, हा पीडीएफ कन्व्हर्टर आपण घेतलात का?’

‘छे हो! मी फक्त एका ठिकाणी ‘अलाऊ’ म्हटलं, नाहीतर ते पान पुढेच सरकेना.’

लाल पाटीचे रहस्य एवढेच होते. कुठल्याशा संकेतस्थळाला सूचना पाठवण्याची परवानगी सरांनी त्या एका ‘अलाऊ’ने देऊन टाकली होती, आणि ते आता व्हायरसची हूल उठवून आपले ‘संरक्षक’ सॉफ्टवेअर खपवू पाहत होते. ब्राउझरच्या सेटिंगमधील ‘नोटिफिकेशन्स’ या सदरात जाऊन तो परवाना रद्द करताच पाटी येईनाशी झाली. एक्स्टेन्शने काढली, कन्व्हर्टर विस्थापित केला, शोधाचे पान पूर्ववत केले. मंदपणाचे मूळ मात्र भलतीकडेच निघाले: यंत्रात जुन्या पद्धतीची, आत तबकडी फिरणारी हार्ड डिस्क होती, आणि तिच्या जागी तबकडीवाचून चालणारी एसएसडी बसवल्यावर तोच संगणक ओळखू येईना. टिपणे सुखरूप राहिली.

खोटा वैद्य दाराशी येऊन खोटा रोग सांगतो, हा धंदा जुनाच आहे. ‘विनफिक्सर’ आणि त्याच्या भाईबंदांनी खोट्या तपासणीचे देखावे दाखवून दहा लाखांहून अधिक लोकांना निरुपयोगी सॉफ्टवेअर विकल्याचा दावा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ साली न्यायालयात गुदरला होता. याहून चिंतनीय गोष्ट ही, की जे खरे वैद्य म्हणून मान्यता पावलेले होते त्यांच्याही घरी हे प्रकार घडले. डिस्कची साफसफाई करणारा ‘सीक्लीनर’ हा लोकप्रिय प्रोग्राम. २०१७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच्या ५.३३ या आवृत्तीत, निर्मात्याच्या अधिकृत सहीशिक्क्यासकट, परक्यांनी आपला हेर घुसवला, आणि ती आवृत्ती सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर जाऊन बसली. अर्थशास्त्रात उभयवेतन नावाचा एक वर्ग सांगितला आहे, जो चाकरी एकाची करतो आणि वेतन दोघांकडून घेतो. ‘अव्हास्ट’ या अँटिव्हायरस कंपनीने आपल्या ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती ‘जम्पशॉट’ या उपकंपनीमार्फत शंभराहून अधिक त्रयस्थांना विकली, असा आरोप त्याच कमिशनने ठेवला, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याच्या अटीवर ते प्रकरण मिटले. पहारेकरीच बातम्या पुरवतो म्हटल्यावर गृहस्थाने कोणाकडे पाहावे?

माझा स्वतःचा कल असा झाला आहे, की विंडोजमध्ये मुळातच असलेला डिफेंडर हा अँटिव्हायरस चालू ठेवावा, तो व विंडोज ही दोन्ही वेळच्या वेळी अद्ययावत होऊ द्यावीत, आणि ‘स्पीड वाढवा’, ‘रजिस्ट्री साफ करा’ असे सांगत येणाऱ्या एकाही प्रोग्रामास थारा देऊ नये. तीन हेरांची बातमी जुळली तरच ती खरी मानावी, असे कौटिल्य म्हणतो. परंतु तीन अँटिव्हायरस एकाच संगणकावर बसवले तर ते एकमेकांच्याच मागे लागतात आणि यंत्र मात्र घायकुतीला येते, म्हणून एवढ्यापुरता आचार्यांचा सल्ला बाजूला ठेवलेला बरा.

हेर आत येण्याचा आपल्याकडील राजमार्ग म्हणजे चोरीचे सॉफ्टवेअर. विंडोज वा ऑफिस फुकटात ‘ॲक्टिव्हेट’ करून देणारे जे छोटे प्रोग्राम हातोहात फिरतात, ते चालवण्यापूर्वी ‘अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना बहुधा सोबत असते. आणि ती निमूटपणे पाळणारा मनुष्य पहारेकऱ्याला रजा देऊन अनोळखी इसमाच्या हाती किल्ल्या सोपवीत असतो. मराठी लिहिणाऱ्यांचा आणखी एक खास दोष येथे सांगितला पाहिजे: टंकलेखनाची सॉफ्टवेअरे आणि फाँट यांच्या चोरट्या प्रती कुठल्याही संकेतस्थळावरून उतरवून घेण्याची आपल्याला फार दिवसांची सवय आहे. त्याची आता गरज उरलेली नाही. इन्स्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्येच असतो, रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची सोयही गेल्या काही आवृत्त्यांत आली आहे, आणि भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी निवडले की दोन्ही विनामूल्य हाती येतात.

दुसरा बंदोबस्त याहून सोपा असूनही फार थोड्या घरांत आढळतो. विंडोजमध्ये दोन प्रकारची खाती असतात: प्रशासकाचे, ज्याला यंत्रावर सर्व अधिकार असतात, आणि साधे, ज्याला नवा प्रोग्राम सर्वांसाठी बसवायचा झाल्यास प्रशासकाचा पासवर्ड मागितला जातो. रोजची कामे साध्या खात्यातून केली, तर चुकून आत आलेल्या हेराच्या हातीही मर्यादित मुखत्यारी राहते. घरातील मुले खेळांच्या शोधात जे जे उतरवून घेतात, त्यालाही याने आपोआप लगाम बसतो.

संशय बळावलाच, म्हणजे अँटिव्हायरस आपोआप बंद पडू लागला, कॅमेऱ्याचा दिवा अवचित लागला, किंवा आपण न पाठवलेली पत्रे आपल्या नावाने जाऊ लागली, तर प्रथम इंटरनेट तोडावे. हेराचे सांकेतिक लिपीतले पत्र जाण्याचा मार्गच त्याने बंद होतो. मग डिफेंडरमधील ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवावा. त्यात विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होत असल्याने, चालू यंत्रात दडून बसणारे हेर सापडण्याचा संभव वाढतो, आणि वेळ साधारण पंधरा मिनिटांचाच लागतो. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, निर्धोक यंत्रावरून; त्याच संगणकावरून बदलले, तर नवे पासवर्डही हेरालाच प्रथम कळतील. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २०१७ च्या फेब्रुवारीत सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राकडे तपासणीची साधने विनामूल्य मिळतात. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांतून पसार होण्यापूर्वी ती गोठवण्यास अवधी फार थोडा असतो. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीवाचून असे दूषित सॉफ्टवेअर घुसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ व ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा आहे, हे फिर्याद देणाऱ्याने जाणून असावे.

राहता राहिली यंत्राच्या प्रकृतीची गोष्ट. स्टार्टअपच्या यादीतील अनावश्यक नावे बंद करणे, डिस्कवर थोडी जागा मोकळी राहू देणे, पंख्यात साचलेली धूळ वर्षातून एकदा काढवून घेणे, आणि महत्त्वाच्या फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर करून ती डिस्क एरवी तोडून ठेवणे, एवढ्यात बहुतेक सारे येते. एसएसडी असेल तर तिला डीफ्रॅगमेंट करण्याच्या नादी लागू नये. ती जुन्या तबकडीच्या काळातली क्रिया होय.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि अनेक घरांतील धडधाकट संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार चालू ठेवणे मला इष्ट वाटत नाही. त्यावर लिनक्स मिंटसारखी विनामूल्य प्रणाली बसवून घेता येते, आणि पत्र लिहिणे, वर्तमानपत्र वाचणे, नातवंडांशी बोलणे ही कामे तिच्यावर विनासायास होतात. तेही नको असेल, तर इंटरनेटची जोडणी काढून ते यंत्र निव्वळ लेखनासाठी ठेवावे. कुवेंपुनगरातील सरांनी आपल्या दुसऱ्या, जुन्या लॅपटॉपचे तेच केले असून, त्यावर सध्या त्यांच्या टिपणांची सूची तयार होत आहे.