सर्व्हरचे अपडेट मध्येच अडकले तर काय करावे?

कापडाच्या पेढीत हल्ली वहीची जागा संगणकाने घेतली आहे. गोदामातील थानांचा साठा, यंत्रमागवाल्यांचे चलान, उधारी, जीएसटीची बिले हे सारे एका सर्व्हरवर असते आणि चार-पाच मुनीम आपापल्या संगणकावरून त्यावर काम करतात. हा सर्व्हर बहुतेक ठिकाणी विंडोजचा असतो. तो महिन्यातून एकदा स्वतःहून नवे दुरुस्ती-संच, म्हणजे अपडेट, घेऊ पाहतो आणि नेमका मध्येच अडकून बसतो. पडद्यावर टक्केवारीचा आकडा हलत नाही, दुकानात गिऱ्हाईक उभे आणि बिल निघत नाही. अशा वेळी बहुतेक ठिकाणी एकच इलाज होतो, तो म्हणजे वीज बंद करून पुन्हा चालू करणे. हा इलाज सर्वांत वाईट होय.

अपडेटची चार कामे असतात: शोधणे, उतरवून घेणे, बसविणे आणि सर्व्हर पुन्हा सुरू करणे. कोणत्या कामात अडकले हे आधी पाहावे, कारण प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

शोधताना किंवा उतरवताना शून्य टक्क्यावर थांबले असेल तर प्रथम घड्याळ पाहावे. आपल्याकडे वीज वारंवार जाते. सर्व्हरच्या आतील छोटी बॅटरी संपली की तारीख काही वर्षे मागे जाते आणि मग मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेशी सुरक्षित जोडणीच होत नाही. पन्नास-शंभर रुपयांच्या बॅटरीपायी लोक हजारो रुपये कारागिराला देतात! त्यानंतर सी ड्राइव्हवर जागा किती उरली ते पाहावे. माझ्या मते पंधरा-वीस जीबी तरी मोकळी असावी. बॅकअपच्या जुन्या प्रती त्याच ड्राइव्हवर साठवून ठेवण्याची सवय अनेक पेढ्यांत आहे, ती सोडावी.

तारीख आणि जागा ठीक असूनही आकडा हलत नसेल, तर सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन ‘विंडोज अपडेट’ आणि ‘बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस’ या दोन सेवा थांबवाव्यात. मग सी ड्राइव्हमधील विंडोज फोल्डरात ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन’ नावाचे फोल्डर आहे, त्याचे नाव बदलून शेवटी ‘ओल्ड’ लावावे आणि दोन्ही सेवा पुन्हा सुरू कराव्यात. विंडोज नवे फोल्डर बनवते आणि नव्याने उतरवू लागते. फोल्डर पुसू नये, नावच बदलावे. यात हिशेबाचा एक आकडाही जात नाही. जाते ती फक्त पूर्वी घेतलेल्या अपडेटची पडद्यावर दिसणारी यादी.

बसविताना अडकल्यास आधी खातरजमा करावी की ते खरोखरच अडकले आहे की नुसते सावकाश चालले आहे. विंडोज सर्व्हर २०१६ तर या बाबतीत बदनामच आहे. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर त्याला काही तास सहज लागतात. टास्क मॅनेजरमध्ये ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर’चे काम चालू दिसते का, हे पाहावे. विंडोजच्या लॉग्स फोल्डरात सीबीएस नावाची नोंदवही असते. तिची वेळ दर काही मिनिटांनी पुढे सरकत असेल तर काम चालू आहे, हात लावू नये.

पुन्हा सुरू होताना ‘संगणक बंद करू नका’ अशी सूचना दिसत असेल तर धीर धरावा. हार्डडिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर तीन-चार तासही थांबावे. अर्धा बीम जोडलेला असताना कोणी माग चालू करीत नाही. इथेही तोच न्याय. ‘बदल मागे घेत आहोत’ अशी सूचना आली तर तेही काम त्याला पुरे करू द्यावे. विजेचा भरवसा नसेल तर यूपीएसवाचून अपडेट सुरूच करू नये.

सर्व्हर सुखरूप उठला, पण अपडेट बसले नाही, तर विंडोजच्या मूळ फाइली बिघडल्याची शक्यता असते. त्यासाठी डिझम हे साधन ‘रिस्टोअर हेल्थ’ या आज्ञेने आधी चालवावे आणि मग ‘एसएफसी स्कॅननाऊ’. डिझम बासष्ट टक्क्यांच्या आसपास बराच वेळ थांबलेले दिसते. तेथे घाबरून बंद करू नये. एवढे करूनही भागले नाही, तर मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून केबी क्रमांक पाहून तोच संच हाताने उतरवून बसवावा. सर्व्हर २०१६ असल्यास ‘सर्व्हिसिंग स्टॅक’चा लहान संच आधी आणि मोठा नंतर. या सगळ्याआधी हिशेबाच्या डेटाची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती उघडते का हेही पाहावे.

काही बांधव या कटकटीला कंटाळून अपडेटच बंद करतात. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभर हजारो संगणक कुलूपबंद केले. ज्या त्रुटीतून तो शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेली होती. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या आला आणि न्हावा-शेवा बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. हा दुसरा व्हायरस युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच पसरला होता, हेही खरे. म्हणून विंडोजचे अपडेट घ्यावे, पण कोणा अनोळखी माणसाने पेनड्राइव्हवर आणून दिलेले हिशेबाचे ‘नवे व्हर्जन’ बसवू नये.

आता वेळेचा मुद्दा. मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघते. आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या दरम्यान येतो आणि दरमहा विवरण भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची मुदत असते ११ तारीख! सर्व्हर स्वतःहून बंद-चालू होऊ लागला तर नेमका याच गर्दीत. सबब ‘एसकॉन्फिग’मध्ये ‘फक्त उतरवून ठेवा’ हा पर्याय निवडावा आणि बसविण्याचे काम आपल्या सुट्टीच्या दिवशी करावे. मालेगावात शुक्रवारी कारखाने बंद असतात. त्या मंगळवारानंतरचा शुक्रवार ११ ते १७ च्या दरम्यान पडतो, म्हणजे २० तारखेच्या ३बी विवरणाआधी. शुक्रवार ११ ला आला तर विवरण भरून झाल्यावरच हात घालावा. रमजानच्या शेवटच्या पंधरवड्यात, जेव्हा दुकान रात्री उशिरापर्यंत चालते, तेव्हा मात्र ईदनंतरच्या पहिल्या सुट्टीपर्यंत थांबलेले बरे. पण त्याहून लांबवू नये.

विंडोज सर्व्हर २०१२ चे नेहमीचे अपडेट १० ऑक्टोबर २०२३ ला संपले. सर्व्हर २०१६ ची मुदत १२ जानेवारी २०२७ ही आहे. नवा सर्व्हर घेताना फिरत्या हार्डडिस्कऐवजी एसएसडी मागावी. अपडेटचे तासांचे काम पुष्कळदा मिनिटांवर येते.