वाहता कान आणि मेंदूतला पू : जोखीम म्हणजे नेमकं काय?

(उमापूर, ता. गेवराई, जि. बीड येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

माझ्या नावामागे डॉक्टर लागतं, पण मी गोळ्या देणारा डॉक्टर नव्हे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. मग मेंदूतल्या गळवावर मी का बोलतोय? कारण माझ्या वर्गातल्या एका मुलाचं डोकं आठवडाभर दुखत होतं. परीक्षा जवळ आली होती. मी म्हणालो, "ताण घेऊ नकोस, जरा झोप काढ." त्याच्या कानात कापसाचा बोळा असायचा, तो मी रोज बघत होतो. पण लहानपणापासून कान वाहतोय म्हटल्यावर त्यात विशेष ते काय? चार दिवसांनी त्याला झटका आला. स्कॅनमध्ये मेंदूत पू दिसला. ऑपरेशन झालं, पोरगं वाचलं, पण फिटच्या गोळ्या मागे लागल्या. माझं ते वाक्य मला अजून टोचतं.

मेंदूतलं गळू म्हणजे मेंदूच्या आत साठलेला पू. आजार दुर्मीळ आहे. पण कवटी हाडाची, ती काही फुगत नाही. आत पू वाढला की मेंदूच दबतो.

हा पू तिथे पोचतो कसा? वाटा मुख्यतः तीन.

पहिली वाट शेजारची. मधल्या कानाचं छत म्हणजे एक पातळ हाड. त्याच्यावर लगेच मेंदू. मागच्या बाजूला लहान मेंदू. कानातला एक आजार हे हाडच पोखरत जातो. तेव्हा पू थोडाच येतो, पण त्याला घाण वास येतो. कान दुखत नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. नाकाशेजारच्या पोकळ्यांतलं, म्हणजे सायनसचं दुखणं कपाळामागच्या मेंदूत जाऊ शकतं. किडलेल्या दाढेचंही तसंच.

दुसरी वाट रक्ताची. फुफ्फुस ही एक प्रकारची गाळणी आहे. रक्तातले जंतू तिथे बरेचसे अडतात. काही मुलांच्या हृदयात जन्मतः असा दोष असतो, की थोडं रक्त फुफ्फुसाला वळसा घालून थेट शरीरात जातं. रडताना ओठ, नखं निळी पडणारी ही मुलं. गाळणीच चुकली, तर जंतू सरळ मेंदूपर्यंत जाऊ शकतात. हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाला, तरी हा धोका असतोच.

तिसरी वाट जखमेची : डोक्याला खोल मार, कवटी फुटणं, कधी मेंदूचं ऑपरेशन.

आणि या तिन्ही वाटा सोप्या करते ती कमी पडलेली प्रतिकारशक्ती. 2021 साली कोविडनंतर महाराष्ट्रात काळ्या बुरशीनं, म्युकरमायकोसिसनं, किती घरं हादरली! तिथे जंतू नव्हते, बुरशी होती. पण नाकातून सायनस, मग डोळा, मग मेंदू, ही वाट शेजारचीच. वाढलेली साखर आणि स्टेरॉईड यांनी दार उघडून दिलं.

आता कोणी म्हणेल, "सर, आमच्या आज्याचा कान जन्मभर वाहिला. काय झालं?" प्रश्न रास्त आहे. आपल्या न्यायशास्त्रात धूर आणि अग्नीचं उदाहरण आहे. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर व्हायला ओलं लाकूड लागतं. वाहता कान हा अग्नी समजा. बहुतेकांत धूर होतच नाही. पण पोखरलेलं हाड, वाढलेली साखर हे ओलं लाकूड. ते आपल्या घरात आहे की नाही, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून जोखीम. आज्याला काही झालं नाही, एवढ्यावरून नातवाचा कान सुरक्षित ठरत नाही.

उलटंही लक्षात ठेवा. काही रुग्णांत पू कुठून आला ते शेवटपर्यंत सापडत नाही. कुणाला दोष देण्याची घाई नको.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे कान, दात, हृदय त्यात मोफत तपासतात. पण पथक शाळेत येतं, तेव्हा ऊसतोड्याचं पोरगं आईबापाबरोबर फडात असतं. कारखान्यावर निघण्याआधी, नाहीतर परत आल्यावर, त्याचा कान दाखवून घ्या. शिक्षकांनीही हजेरीपटातली ही पोरं हेरून ठेवावीत.

वाहत्या कानात तेल, दूध, लसणाचा रस काही घालू नका. आणि कान वाहणाऱ्या, सायनसच्या किंवा हृदयदोषाच्या माणसाचं डोकं सतत दुखू लागलं, उलट्या, गुंगी, हातापायात कमजोरी, बोलण्यात अडखळ किंवा झटका आला, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. ताप येण्याची वाट पाहू नका. सुमारे निम्म्याच रुग्णांत ताप असतो. पू वेळेत काढला आणि कित्येक आठवड्यांची औषधं पुरी घेतली, तर आज बहुतेक माणसं वाचतात.

मी त्या मुलाला 'झोप काढ' म्हणालो होतो. तुम्ही कुणाला तसं म्हणण्याआधी एकदा त्याच्या कानाकडे बघा. इथेच थांबतो.