निसर्गसिद्ध हक्क आणि राज्यसत्ता : दारासुरम् व तंजावरच्या निमित्ताने

कुंभकोणम्‌च्या पश्चिमेस तीन-चार किलोमीटरांवर असलेले दारासुरम् हे गाव दुसऱ्या राजराज चोळाने १२ व्या शतकात उभारलेल्या ऐरावतेश्वराच्या देवालयामुळे प्रसिद्ध आहे. या गावी पूर्वी द्वारपालाची एक पाषाणमूर्ती होती; ती आता तंजावरच्या राजवाड्यातील कलासंग्रहालयात आहे. मूर्तीची घडण चोळ नसून चालुक्य शैलीची आहे, आणि याचे कारण तिच्यावरील तमिळ लेखच सांगतो : विजयराजेंद्रदेवाने कल्याणपूर जाळून हा द्वारपाल आणला. विजयराजेंद्र म्हणजे पहिला राजाधिराज चोळ, आणि कल्याणपूर म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी, आजचे बसवकल्याण. घटना ११ व्या शतकाच्या मध्याची आहे. लूट लपवावयाची नसून तीच मालकीचा दाखला म्हणून दगडात कोरावयाची, असा हा प्रकार आहे. ज्याच्या हाती खड्ग त्याचे स्वामित्व, हा स्वत्वाविषयीचा एक सिद्धान्तच त्या लेखात गृहीत धरलेला आहे.

याच्या नेमका उलट विचार पुढे त्याच कल्याणीत मांडला गेला, हा योगायोग मोठा सूचक आहे. सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दीत (१०७६–११२६) विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. तिच्या दायविभागात त्याने एक मूलगामी प्रश्न उपस्थित केला आहे. स्वत्व हे केवळ शास्त्रावरून कळणारे आहे, की ते लौकिक आहे? यज्ञातील आहवनीय अग्नी शास्त्रावाचून संभवत नाही. स्वत्वाचे तसे आहे काय? विज्ञानेश्वराचा निर्णय असा की, स्वत्व लौकिकच होय. शास्त्राचा गंधही नसलेल्या सीमावर्ती प्रदेशांतील लोकही आपले-परके ओळखतात, खरेदी-विक्री करतात. शास्त्र स्वत्व निर्माण करीत नाही, आधीच असलेल्या स्वत्वाची व्यवस्था लावते. पित्रार्जित धनात पुत्राला जन्मतःच स्वत्व प्राप्त होते, हे त्याचे प्रसिद्ध मत याच भूमिकेवर आधारलेले आहे.

विज्ञानेश्वर खड्गाच्या सिद्धान्ताचे खंडन करावयास बसला नव्हता, आणि त्याला लॉकचा पूर्वसूरी ठरविण्याचा मोहही टाळला पाहिजे. ‘मनुष्यमात्राचे हक्क’ ही कल्पना त्याच्यापुढे नव्हती. तथापि हक्क आधी आणि त्याचे नियमन करणारी सत्ता नंतर, हा क्रम त्याने निःसंदिग्धपणे सांगितला आहे. १७ व्या शतकात नीलकंठभट्टाने हाच विचार राजसत्तेला लावला. मूळच्या पैठणच्या, पण काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील या पंडिताचा ‘व्यवहारमयूख’ महाराष्ट्रात व गुजरातेत प्रमाण मानला जात असे. त्यात तो म्हणतो की, जिंकलेल्या राजाचे ज्या घरादारावर, शेतावर, द्रव्यावर स्वतःचे स्वत्व होते, तेवढ्यावरच जेत्याचे स्वत्व उत्पन्न होते; जेथे जिताला केवळ कर घेण्याचा अधिकार होता, तेथे जेत्यालाही तेवढाच अधिकार मिळतो. सार्वभौम राजालाही पृथ्वी दान देता येत नाही, हा मीमांसेतील जुना निर्णय त्याने येथे आधारास घेतला आहे. राज्य बदलले तरी प्रजेचे शेत प्रजेचेच राहते, असा याचा अर्थ.

युरोपात हा वाद अधिक प्रखरपणे झाला. जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांवरील हक्क शासनापूर्वीचे असून त्यांच्या रक्षणासाठीच शासन निर्माण होते, असे लॉकने १६८९ च्या ग्रंथात प्रतिपादिले. उलट, हक्क हे कायद्याचे अपत्य आहे, कायद्यावाचून हक्काची भाषा म्हणजे निव्वळ शब्दांचा फुगारा होय, असे बेंथॅमचे म्हणणे. मराठीत हा विषय सर्वांत समर्थपणे जोतीराव फुले यांनी मांडला. टॉमस पेन यांच्या मानवी हक्कांवरील ग्रंथाचा संस्कार त्यांच्यावर तरुणपणीच झाला होता. १८९१ मध्ये त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त निर्मिकाने स्त्रीपुरुषांना समान हक्कांसह निर्माण केले आहे, अशी त्यांची भूमिका आहे. विज्ञानेश्वराच्या उपपत्तीतील उणीव येथे नेमकी भरून निघते. स्वत्व लोकव्यवहारावरून ठरते म्हटले, तर ज्यांना लोकव्यवहारानेच काही ठेवू दिले नाही त्यांचे काय? त्यांना व्यवहाराच्याही पलीकडचा आधार लागतो.

हा तात्त्विक वाद मराठी माणसांच्या संदर्भात न्यायालयाच्या कसोटीस लागला तो तंजावरात. १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजीने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केला. किल्ला, राजाचा किताब, दरसाल एक लक्ष होन आणि निव्वळ महसुलाचा पंचमांश एवढे राजाकडे राहिले. सरफोजीचा पुत्र शिवाजी २९ ऑक्टोबर १८५५ रोजी पुत्रहीन वारला, आणि कंपनीने तंजावरचे राज्य संपुष्टात आल्याचे ठरविले. किताब व तनखा संपला, याविषयी एक वेळ वाद घालता येईल. परंतु १८५६ मध्ये कंपनीचा अधिकारी फोर्ब्स याने सैन्याच्या बळावर राजवाड्यातील जडजवाहीर, चीजवस्तू आणि राजाच्या खाजगी जमिनी यांचाही ताबा घेतला. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला. जॉन ब्रूस नॉर्टन हे त्यांचे वकील होते. दाव्याचे स्वरूप साधे होते : निपुत्रिक पतीच्या खाजगी धनाला पत्नी वारस होते. हा मिताक्षरेचाच नियम. कोणत्याही निपुत्रिक विभक्त गृहस्थाच्या विधवेने याच आधारावर वारसा मागितला असता. मद्रासच्या न्यायालयाने राणीच्या बाजूने निर्णय दिला.

अपील लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. मध्यंतरी, १८५८ मध्ये, कंपनीची सत्ता राणी व्हिक्टोरियाकडे गेली होती, म्हणून प्रतिपक्षी भारतमंत्री झाले. १८५९ मध्ये लॉर्ड किंग्जडाउन यांनी दिलेला निर्णय आजही कायद्याच्या अभ्यासकांना पाठ असतो. त्यांनी प्रश्न असा मांडला : सरकारने ही मालमत्ता कायद्याने आपली ठरते असे म्हणून घेतली, की सार्वभौम सत्ता म्हणून घेतली? पहिल्या पक्षी न्यायालयाला त्या कायदेशीर दाव्याची छाननी करता येते. दुसऱ्या पक्षी ती ‘राज्याची कृती’ ठरते आणि न्यायालयाचे अधिकारक्षेत्र संपते. पुराव्यावरून त्यांनी दुसरा पक्ष स्वीकारला आणि मद्रासचा निर्णय रद्द केला.

या तर्काचा परिणाम विलक्षण आहे. जप्ती जितकी अधिक कायद्यावाचूनची, तितकी ती न्यायालयापासून अधिक सुरक्षित! कल्याणी जाळून आणलेल्या द्वारपालावरील लेखाचेच हे विधिशास्त्रीय रूपांतर म्हणता येईल. किंबहुना नीलकंठभट्टाचा नियम याहून राजसत्तेला अधिक जाचक आहे. जितराजाचे खाजगी द्रव्य जेत्याला मिळते, हे तोही मान्य करतो; पण १८५५ मध्ये कोणते युद्ध झाले होते? राजा अंथरुणावर वारला होता. अर्थात, तंजावरच्या भोसल्यांचे स्वतःचे राज्यही खड्गाचेच होते. व्यंकोजीने १६७५ च्या सुमारास नायकाच्या साहाय्याच्या निमित्ताने येऊन ते बळकावले, ही गोष्ट विसरता कामा नये. मात्र राज्यावरील हक्क आणि विधवेचा वारसा हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि प्रिव्ही कौन्सिलने ते एकाच गाठोड्यात बांधले.

तथापि त्या निर्णयातच बेंथॅमपंथीयांना अडचणीत आणणारे एक विधान आहे. कृती न्याय्य होती की अन्याय्य, हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु अन्याय झाला असला, तरी त्याची दाद कोणत्याही देशांतर्गत न्यायालयाकडून मिळू शकत नाही, असा त्याचा आशय आहे. हक्क जर केवळ न्यायालयाने मानल्यामुळेच अस्तित्वात येत असेल, तर जेथे न्यायालय मानीत नाही तेथे हक्क नाही, आणि हक्क नाही तेथे अन्यायही नाही. ‘अन्याय झाला असला तरी’ हे शब्द मग निरर्थक ठरतील. न्यायाधीशांनी ते शब्द वापरले, म्हणजे दाद संपली तरी हक्काचा प्रश्न उरतो, हे त्यांनी अभावितपणे मान्य केले. हक्काचे अस्तित्व आणि हक्काची दाद या दोन गोष्टी आहेत. नैसर्गिक हक्कांविषयीचे पुष्कळसे गोंधळ त्यांना एक मानण्यातून उद्भवतात.

तरीही दादेवाचूनचा हक्क किती दुबळा असतो, हे पुढील इतिहासाने दाखविले. १८६२ मध्ये सरकारने खाजगी मालमत्ता राण्यांना परत केली. पुढे वारसांमध्ये तंटा होऊन प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले, तेव्हा तेथे ठरले की, हे परत देणे म्हणजे सरकारची कृपा होय, पूर्वीच्या हक्काचे पुनरुज्जीवन नव्हे. वस्तू त्याच, माणसे तीच. पण हक्काच्या जागी देणगी आली, आणि देणगीचा अर्थ देणाऱ्याच्या हुकुमातील शब्दांवरून लावला जाऊ लागला.

स्वतंत्र भारतातही हा सिद्धान्त सहजासहजी गेला नाही. १९५४ मध्ये वीरेंद्रसिंग खटल्यात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी, जे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, संविधानानंतर राज्याला आपल्याच नागरिकाविरुद्ध ‘राज्याची कृती’ ही ढाल वापरता येणार नाही असे आग्रहाने प्रतिपादिले. पण १९६४ मध्ये व्होरा फिदाली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने विलीन संस्थानांतील पूर्वीच्या हक्कांबाबत पुन्हा जुनाच नियम लागू केला : नव्या सत्तेने मानले तेवढेच हक्क. १९७६ मध्ये प्रश्न मालमत्तेचा न राहता जीविताचा झाला. जबलपूर खटल्यात चार न्यायमूर्तींनी, ज्यांत यशवंत विष्णु चंद्रचूड होते, आणीबाणीत अनुच्छेद २१ च्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याची मुभा थांबविली असता बेकायदा स्थानबद्धतेविरुद्धही दाद मागता येत नाही, असा निर्णय दिला. एकट्या न्यायमूर्ती खन्ना यांनी जीविताचा हक्क ही संविधानाची देणगी नव्हे असे मत नोंदविले. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात ते बहुमत रद्द ठरले. तसे म्हणणारा प्रमुख निर्णय यशवंतरावांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला.

तत्पूर्वीच १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही अनुच्छेद २१ च्या अंमलबजावणीला स्थगिती देण्यास बंदी घातली होती. त्याच दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढला. तो आता अनुच्छेद ३०० अ मध्ये आहे : कायद्याच्या आधाराखेरीज कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येत नाही. कामाक्षीबाईसाहेबांनी १८५० च्या दशकात मद्रासच्या न्यायालयात याहून अधिक काही मागितले नव्हते.