दुर्बीण घेताना आधी डोळ्यांचा विचार

थंडी सुरू झाली की भिगवणजवळच्या उजनी जलाशयावर पक्षीप्रेमींची वर्दळ वाढते. ठाण्याच्या खाडीतले रोहित पक्षी पाहायलाही अनेक कुटुंबे जातात. अशा एखाद्या सहलीनंतर घरात दुर्बीण असावी असे वाटू लागते. बाजारात अगदी स्वस्त दुर्बिणींपासून लाखाच्या पुढच्या दुर्बिणींपर्यंत सगळे मिळते. मात्र महागडी दुर्बीण प्रत्येकाला लागतेच असे नाही आणि मोठ्या आकड्यांची दुर्बीण तर बऱ्याचदा निराशाच करते.

दुर्बिणीवर ८×४२, १०×५० असे आकडे असतात. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसेल ते. दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. पहिला आकडा जितका मोठा तितके चांगले, असा सर्वसाधारण समज आहे. पण दुर्बीण पक्ष्याबरोबर आपल्या हाताचा कंपही तितक्याच पटीने मोठा करते. वीस पट मोठे दाखवणारी दुर्बीण स्टँडशिवाय स्थिर धरणे जवळपास अशक्य असते. शिवाय पट वाढली की दिसणारा परिसर आकुंचन पावतो आणि उडता पक्षी सापडतच नाही. म्हणून हातात धरून पाहण्यासाठी आठ किंवा फार तर दहा पट पुरेशी आहे.

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की दुर्बिणीतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी कळते. ८×४२ मध्ये ती सुमारे सव्वापाच मिलिमीटर, तर २०×५० मध्ये अवघी अडीच मिलिमीटर असते. भर उन्हात डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आकसते, तेव्हा हा फरक फारसा जाणवत नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला मात्र बाहुली मोठी होते आणि बारीक झोत असेल तर चित्र अंधूक दिसते. परदेशात शिकारी याच कारणासाठी मोठ्या भिंगाची दुर्बीण निवडतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, पण पक्षी आणि प्राणी पाहायची वेळ तीच. वयानुसार बाहुली पूर्वीइतकी विस्फारत नाही. त्यामुळे साठीतल्या माणसाने जाड झोतासाठी जास्त वजन आणि जास्त पैसे मोजण्यात फारसा अर्थ नसतो.

मग किंमत वाढते कशाने? मुख्यतः काचेने आणि तिच्यावरच्या लेपाने. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होतो. असे दहा पृष्ठभाग असले तर एक तृतीयांश प्रकाश वाटेतच हरवतो. म्हणून खोक्यावर ‘फुली मल्टी-कोटेड’ असे शब्द आहेत का, ते पाहावे. नुसते ‘कोटेड’ म्हणजे एखाद-दुसऱ्या पृष्ठभागावरच लेप असू शकतो. आतल्या लोलकांसाठी ‘बीएके-४’ ही काच चांगली मानतात. कमी खर्चात उत्तम चित्र हवे असेल तर बाकदार नळ्यांची, ‘पोरो’ लोलकांची जुन्या घाटाची दुर्बीण घ्यावी. सरळ नळ्यांची दुर्बीण आटोपशीर असते, पण तिचे लोलक अधिक अचूक घडवावे लागतात आणि त्याचे पैसे पडतात.

चष्मा असणाऱ्यांनी ‘आय रिलीफ’ किमान पंधरा मिलिमीटर आहे ना, हे विचारावे. ते कमी असेल तर चष्म्यातून चित्राच्या कडा कापल्या जातात. साधा दूरचा किंवा जवळचा नंबर दुर्बिणीच्या चाकाने जुळवता येतो, सिलिंड्रिकल नंबर जुळत नाही. अशांनी रबरी कडा खाली दुमडून चष्म्यासकटच पाहावे.

शक्य असेल तर दुकानाबाहेर येऊन चार-पाच मिनिटे सलग पाहावे. उजवी नळी झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचे चित्र स्पष्ट करावे. मग डावी झाकून उजव्या नेत्रभिंगाचे कडे फिरवावे. त्यानंतर दोन्ही डोळ्यांनी दूरची विजेची तार पाहावी. तार दुहेरी दिसली, डोळ्यांवर ताण आला किंवा डोके जड झाले तर दोन्ही नळ्या समांतर नसण्याची शक्यता असते. ती दुर्बीण परत करावी. मेंदू काही काळ दोन्ही चित्रे ओढून जुळवतो, म्हणून एका झटक्यात पाहून हा दोष कळत नाही.

एक नियम मात्र मोडू नये. दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभरही पाहू नये. एकवटलेला प्रकाश दृष्टिपटल कायमचे जाळू शकतो. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नसल्याने इजा होत असताना कळतही नाही. मुलांच्या हाती दुर्बीण देण्याआधी हे सांगावे आणि जवळ थांबावे.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, भिंगांवर बुरशी चढते. दुर्बीण चामडी पिशवीत न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी. भिंगावरची धूळ आधी ब्रशने झटकावी, मगच मऊ कापड फिरवावे. एवढी काळजी घेतली तर मध्यम किमतीची ८×४२ दुर्बीण कितीतरी वर्षे साथ देते.